बनाबाईचं बी आणि कुंपणापलीकडचे फोकस

तुमच्या अंगणातल्या दिव्याचा उजेड कुंपणापाशी थांबतो का? कधी बाहेर जाऊन पाहिलंय? नाही पाहिलं. कोणीच पाहत नाही. बटण दाबलं, आपलं अंगण लख्ख झालं, विषय संपला. तो उजेड पुढे कोणाच्या वावरात शिरतो आणि तिथं काय करतो, याची चौकशी करायला आपल्याला फुरसत नसते. मला आहे. लोक म्हणतात, याला दुसरा धंदा नाही. खरंच नाही. म्हणून बनाबाईची गोष्ट मी लिहितोय.

बुलढाण्याहून देऊळघाटकडे येताना गाव लागायच्या आधी बनाबाई गवईचं वावर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बाहेरगावी नोकरीला. वावर ती एकटी पाहते. साठी उलटली, पण धुऱ्यावर, बांधावर उभी राहून तिनं हाक मारली की तिसऱ्या वावरातला माणूस दचकतो. कंबरेला तंबाखूची पिशवी, डोक्याला फडकं, आणि बोलणं असं की ज्याला लागतं तो दोन दिवस चोळत बसतो.

गावात तिचा मान मात्र बोलण्यामुळे नाही, बियाण्यामुळे आहे. "बनाबाईचं बी" असं म्हटलं की आमच्याकडे पुढं काही सांगावं लागत नाही. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. हडंब्यातून, म्हणजे मळणीच्या मशीनमधून काढलं की त्याला डोळ्याला न दिसणारे तडे जातात आणि ते बी नीट उगवत नाही. म्हणून बनाबाई वावरातल्या चांगल्यात चांगल्या ओळी आधीच निवडते, त्यांच्या टोकाला चिंध्या बांधते, त्या विळ्यानं वेगळ्या सोंगते आणि काठीनं हळूहळू बडवून दाणा काढते. बाकीचं सगळं हडंब्यात जातं आणि तिथून बाजारात. काठीनं काढलेलं बी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पोत्यात राहतं. ते ती विकत नाही. मे महिन्यात गावातल्या बाया येतात, बी घेऊन जातात, आणि पीक आलं की घेतलं तितकं परत करून वर एक ओंजळ घालतात. बौद्धवाड्यातल्या येतात, पाटलांच्या आळीतल्याही येतात. ज्या घरात तिच्या हातचं पाणी प्यायला एकेकाळी नाक मुरडायचे, त्या घरची सून तिच्या ओसरीवर पदर पसरून बसते. ही गोष्ट बनाबाई बोलून दाखवत नाही. पण ती विसरलेलीही नाही.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात तिच्या वावराला लागून मुलींचं निवासी कॉलेज सुरू झालं. इमारत दिसायला सुंदर. छतावर सौर पट्ट्या, पावसाचं पाणी जिरवायला खड्डे, भिंतींवर वेली. दरवाज्यातच पितळी पाटी, "हरित इमारत" म्हणून. आणि आतल्या रस्त्याच्या कडेनं खांब. प्रत्येक खांबावर एक पांढरा फोकस. तोंड खाली नाही. तोंड बाहेर, सरळ बनाबाईच्या वावराकडे. लांबून इमारत उजळलेली दिसावी, हा त्यामागचा हिशेब.

आता मी लिहितोय म्हणून तुम्हाला वाटेल, बनाबाई पहिल्याच दिवशी भांडायला गेली असेल. उलट झालं. ती खूश झाली. आमच्याकडे रानडुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, उच्छाद असा आहे की पीक फुलावर आलं की माणसाला वावरात जागलीला जावं लागतं. डबे वाजवत रात्र काढायची. बाईमाणसाला या वयात तो जाच. फोकस लागले आणि त्या बाजूनं डुकरं यायची बंद झाली. बनाबाईनं जागल सोडली. श्रावणात ती उकडलेल्या शेंगांचं गाठोडं घेऊन कॉलेजात गेली आणि तिथल्या इंजिनियरच्या, चंद्रशेखर साहेबांच्या, टेबलावर ठेवून आली.

"खा बाप्पा," म्हणाली. "तुमच्या लाईटानं मले झोप देल्ली."

त्याच दिवसांत तिनं बियाण्याच्या ओळी निवडल्या. कुंपणाकडच्या. का? तर त्या साऱ्या वावरात उंच होत्या, पानं रुंद, रंग काळसर हिरवा. असं पीक दिसल्यावर कोणताही शेतकरी तेच करेल. मीही केलं असतं. तिनं चिंध्या बांधल्या आणि गावभर सांगितलं, "यंदा बी पाहाल तं डोये फिरतीन."

शेजारच्या वावरवाल्या पंजाबरावाचा जळफळाट झाला. पंजाबराव म्हणजे दुसऱ्याचं पीक पाहायला दिवसातून दोनदा धुऱ्यावर येणारा माणूस.

"काय टाकलं व बनामाय? कोनतं खत?"

"लाईट टाकला," ती म्हणाली. "तुह्या वावरात नाई येत, मी काय करू?"

हे बोलणं तिनं थट्टेत केलं होतं.

भाद्रपद सरला. गावातल्या सगळ्या सोयाबीनची पानं पिवळी पडून गळाली, शेंगा खुळखुळायला लागल्या. बनाबाईच्या वावराचंही तसंच झालं, फक्त कुंपणाकडचा पट्टा हिरवाच. ती म्हणाली, येईल, जोमदार पीक आहे, त्याला वेळ लागणारच. बाकीचं वावर सोंगलं, हडंबा आला, माल मोकळा झाला, बाजारात गेला. पट्टा उभाच. दसरा गेला, दिवाळी आली. पट्टा हिरवा. जवळ जाऊन पाहावं तर झाडावर शेंगा मोजक्या, त्यातल्या अर्ध्या चपट्या. नखानं सोलली तर आत दाणा म्हणजे पाण्याचा थेंब.

बनाबाईनं मला बोलावून घेतलं. मी फवारणीच्या औषधवाल्या दुकानदारांशी भांडतो हे तिला माहीत. "भाऊ, त्या दुकानवाल्यानं फवारा बोगस देल्ला. चाल, त्याचं शटर पाडू." मी तयारच होतो. संध्याकाळी वावरात गेलो, पंजाबराव आधीच हजर.

"बनामाय," तो खांदे उडवत म्हणाला, "फवारा बोगस हाय तं मंधातलं काऊन पिकलं?"

"कोनतं मंधातलं बे?"

त्यानं बोट दाखवलं. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक पिवळी पट्टी होती. तिथलं सोयाबीन पिकून, वाळून उभं होतं. नीट ओळीत नाही, तिरपं. कुंपणाजवळच्या विहिरीवर तिची मोटरीची खोली आहे, तिथून सुरू होऊन वावरात रुंद होत गेलेलं. आम्ही तिघं तिथं उभे राहून डोकं खाजवत होतो, तेवढ्यात पलीकडे फोकस लागले.

मोटरीच्या खोलीची सावली वावरात पडली. बरोबर त्या पिवळ्या पट्टीवर. जिथं उजेड तिथं हिरवं, जिथं खोलीचा अंधार तिथं पिकलेलं. जणू कोणी रेघ मारून दाखवावी.

पंजाबराव हसायला आला होता, तो खोलीपर्यंत चालत जाऊन सावली पाहून आला. बनाबाई खाली बसली. तंबाखूची पिशवी काढली, उघडली, तशीच बंद केली.

नंतर मी कृषी सहायकाला विचारलं. त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. सोयाबीन रात्र ओळखतं. पावसाळा उतरतो तशी रात्र लांबत जाते, ती लांबली की झाडाला कळतं, आता वाढणं पुरे, दाणा भरा. तुमच्या पट्ट्यात रात्रच झाली नाही. झाड आषाढातच थांबून राहिलं.

बियाण्याचा पट्टा गेला. बाकीचा माल हडंब्यातून निघून बाजारात गेलेला, बायांनी परत केलेलाही हडंब्यातलाच. राहिलं काय? खोलीच्या सावलीतलं तेवढं. ते तिनं काठीनं बडवलं. पोत्याच्या तळाशी पडलं.

मग आम्ही कॉलेजात गेलो. जायच्या आधी मी अभ्यास केला. मी दहावी नापास माणूस आहे, पण कागद वाचायला मला कोणी शिकवावं लागत नाही. हरित इमारतीच्या मानांकनांत बाहेरच्या उजेडावर चक्क कलमं असतात. दिव्याचं तोंड खाली असावं. उजेड आवाराच्या आत राहावा. आभाळात जाऊ नये. गरज संपली की मंद करावा. मी वाचलं आणि मला वाटलं, जिंकलो! पितळी पाटी त्यांच्याच दारावर आहे, आता कुठं पळतील?

चंद्रशेखर साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण ते गुणांचं असतं. प्रत्येक गोष्टीला गुण. आम्हाला सौर ऊर्जेचे मिळाले, पाण्याचे मिळाले, झाडांचे मिळाले. बाहेरच्या उजेडाचा भाग ऐच्छिक होता. तो आम्ही घेतला नाही."

"म्हंजे?" बनाबाईनं विचारलं.

"म्हणजे त्या विषयाला आम्ही बसलोच नाही, आजी."

"अन् तरी पास?"

"हो."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी काय सांगणार तिला? हवा घाण केली तर कायदा आहे, पाणी घाण केलं तर आहे, डीजे जोरात वाजवला तरी आहे. दुसऱ्याच्या वावरातली रात्र पळवली तर कोणतं कलम लावायचं, हे मी तहसीलपासून कलेक्टर कचेरीपर्यंत विचारत फिरलो. कोणी सांगू शकलं नाही.

साहेब पुढं म्हणाले, "आणि आजी, तुम्हीच तर शेंगा घेऊन आला होता ना? डुकरं येत नाहीत म्हणाला होता. मुलींचं वसतिगृह आहे. दिवे बंद करून कसं चालेल?"

"बंद करा असं कोन म्हनते बाप्पा?" ती म्हणाली. "पोरी हायत, उजेड पायजेच. त्यायच्या रस्त्यावर पाडा ना. तोंड खाली करा फक्त."

"फिटिंग कंपनीचं आहे. हात लावला की हमी जाते. मी वर कळवतो."

इथं माझा हात टेबलावर आपटला. कप उडाला. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. दोन चौकीदार आले आणि आम्ही बाहेर. त्यात माझी चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण फाटकाबाहेर बनाबाईनं मला धरलं.

"पीक माह्यं गेलं, बोलाले मी आली, अन् बोंबलला तू. तुह्याशी कोन बोलत होतं बे?"

"माय, तो तुले येडं बनवून राह्यला होता."

"मले समजते कोन येडं बनवते. मले त्याच्याकडून एक शब्द काढाचा होता, अर्धा निंघाला होता. तू कप फोडला."

पुढच्या मे महिन्यात बाया तिच्या ओसरीवर आल्या. पहिली शालूबाई. शालूबाई तिची लहानपणची मैत्रीण, पाटलांकडे सालदारी करणाऱ्या घरातली, जिभेनं बनाबाईच्या तोडीस तोड. ती पिशवी घेऊनच आली होती.

"काढ व पोतं."

"यंदा नाई," बनाबाई म्हणाली. "दुकानातून आना."

शालूबाईनं पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बाया उठून गेल्या. बनाबाई पायरीवर बसून राहिली. मी तिला मोर्चात लाठी खाताना पाहिलंय, नवऱ्याच्या मातीला पाहिलंय. एवढी लहान झालेली तिला मी कधी पाहिली नव्हती.

सावलीतलं जे बी होतं ते तिनं सगळंच्या सगळं पेरलं, पुन्हा बी करायला. पण वावर तेच, फोकस तेच. मोटरीच्या खोलीमागं ते सगळं मावणार नव्हतं, आणि उजेड पोचत नाही तो बाकीचा सारा उतार, तिथं पावसात पाणी तुंबतं, बाजारचा माल होतो पण बी धरत नाही.

तोड काढली शालूबाईनं. डुकरं येऊ नयेत म्हणून आमच्याकडे वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिल्या असतील, लाल-हिरव्या फडफडताना. शालूबाई म्हणाली, "डुकराले साडी चालते तं लाईटाले काऊन नाई चालत? उंच बांधू."

ज्या ज्या बाईनं बनाबाईचं बी नेलं होतं, तिनं साडी आणली. एकीनं तर लग्नातला शालू आणला, काठ उसवलेला, जर निघालेला. बाया ओसरीवर बसून दोन दोन साड्या एकमेकींना टाचत होत्या. कोणाची साडी कोणत्या सालची, ती कोणी दिली, ती नेसून कोण रुसून माहेरी गेली होती, सगळं निघालं. पंजाबरावानं बांबू दिले. देताना तोंड वाकडं केलंच.

"नाटकाचा पडदा लावून राह्यल्या का व?"

"हाव," शालूबाई म्हणाली. "तुले राक्षसाचं काम देल्लं. तोंड रंगवाची गरज नाई."

पडदा उभा राहिला. संध्याकाळी फोकस लागले तेव्हा साड्यांतून रंगीत उजेड झिरपत होता, पण अलीकडे ओळींवर अंधार होता. बनाबाई त्या अंधारात जाऊन उभी राहिली आणि हातानं पानं चाचपत राहिली.

पीक फुलावर असताना चंद्रशेखर साहेब स्वतः धुऱ्यावर आले. कॉलेज पाहायला बाहेरून मोठी समिती येणार होती. "आजी, चार दिवस हे काढता का? समोरून बरं दिसत नाही."

बनाबाई तण निंदत होती. उठली नाही. "साहेब, तुमचा उजेड माह्या वावरात येते ते चालते. माह्या साड्या तुमच्या डोयात येतेत ते चालत नाई?"

साहेब गेले. आणि दुसऱ्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, कॉलेजचा एक माणूस शिडी आणि पाना घेऊन आला आणि त्यानं एकेक फोकस खाली वळवला. सगळे. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. कुठली कंपनी नाही, कुठली हमी नाही. समितीतल्या लोकांना दिवे नियमाप्रमाणे खाली वळलेले दिसावेत, एवढ्यासाठी. त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा जास्त उजेड होता, मुली फिरत होत्या, आणि वावर काळंभोर. वर चांदण्या. बनाबाई म्हणाली, "पाह्य बे. एका पान्याचं काम होतं."

समिती गेली. शिडी पुन्हा आली. फोकस पुन्हा वर. आता प्रवेशाच्या जाहिरातीसाठी रोषणाईचे फोटो काढायचे होते म्हणे. या वेळी मी कप फोडला नाही. फाटकापुढं बसलो, घोषणा दिल्या, पोलिसांनी उचललं, संध्याकाळी सोडलं. फोकस जागचे हलले नाहीत.

मग शेंगा भरायच्या ऐन दिवसांत एका दुपारी वावटळ उठली, मागून पाऊस. पडदा फाटला. साड्या कुंपणाच्या तारेला, बाभळीला, थेट डांबरी रस्त्यावर. बाया गोळा करत फिरल्या. जमतील तेवढ्या पुन्हा टाचल्या, पण बांबू मोडले होते, तोवर झाडांनी पुन्हा उजेड खाल्ला होता. पट्टा कुठं पिकला, कुठं हिरवा राहिला. बनाबाईनं पिकलेलं झाड निवडून निवडून काढलं आणि काठीनं बडवलं.

या मे महिन्यात बी तपासायच्या दिवशी मी तिथं होतो. ओल्या बारदान्यात दाणे ओळीनं मांडून त्याची गुंडाळी करतात, रोज पाणी शिंपडतात, काही दिवसांनी उलगडतात. किती मोड आले ते पाहायचं. दरवर्षी ती हे सगळ्या बायांसमोर करते. यंदाही केलं. लपवलं नाही. गुंडाळी उलगडली. मोड होते. पण मधे मधे कुजलेले, काळे पडलेले दाणे इतके होते की शालूबाईनं मान फिरवली.

"तरी दे," शालूबाई म्हणाली. "दाट पेरतो."

"माह्यं नाव सांगून पेरशील?"

"हाव."

"मंग नाई देत."

पोत्यातले धड, तुकतुकीत दाणे तिनं एकेक निवडून वाटीत घेतले. पावसाची ओल झाल्यावर ते लावले, कुठं, तर मोटरीच्या खोलीमागं. पूर्ण गावाला पुरणारं बनाबाईचं बी आज त्या खोलीच्या सावलीएवढं उरलंय. खोली जुनी आहे, विटा सुटल्यात. पंजाबराव परवा विचारत होता, दुरुस्त करू का म्हणून.

मी म्हटलं, "माय, मी पेपरात लिहितो. त्या साहेबाचं नाव घेऊन."

ती म्हणाली, "साहेब एक हाय बे. लाईट किती घरावर हायत? त्यायले लिही."

म्हणून तुम्हाला लिहितोय. तुमच्या बंगल्याला, दुकानाला, शाळेला, पेट्रोल पंपाला हरित पाटी असो की नसो. आज दिवे लागले की कुंपणाबाहेर जा आणि पाठ आपल्या घराकडे करून उभे राहा. तुमची सावली पुढं दुसऱ्याच्या वावरात पडलेली दिसली, तर आत या, शिडी लावा, पाना घ्या, आणि त्या दिव्याचं तोंड खाली करा. एवढं काम आजच करा.